विक्री अहवालांतील ओळ-स्तरीय सुरक्षा : वापरकर्त्याच्या ओळखीसंबंधी प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

विक्री आणि येणे रकमांचे अहवाल आजवर प्रत्येक विभागासाठी वेगळी प्रत काढून दिले जात होते. एका सूत्रात दुरुस्ती केली की ती सगळ्या प्रतींत हाताने करावी लागे, आणि एखादी प्रत मागे राहिली की एकाच बैठकीत दोन विभागांचे आकडे जुळत नसत. हे सगळे अहवाल पॉवर बीआय या अहवाल बनवण्याच्या साधनातील एकाच मॉडेलवर, म्हणजे तक्ते, त्यांची नाती आणि सूत्रे यांच्या एकाच संचावर आणून, कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे ओळ-स्तरीय सुरक्षेने म्हणजे आरएलएसने ठरवायचे, असे आज ठरले.

अहवाल पाहणारे तीन प्रकारचे आहेत. पहिले आमच्याच डिरेक्टरीत, म्हणजे संस्थेच्या खात्यांच्या मध्यवर्ती यादीत, खाते असलेले कर्मचारी, दुसरे पाहुणे खात्याने येणारे वितरक, आणि तिसरे ग्राहक, ज्यांचे डिरेक्टरीत खातेच नाही आणि जे आमच्या पोर्टलमध्ये बसवलेला अहवाल पाहतात. प्रत्येक विभागासाठी एक रोल, म्हणजे परवानगीच्या नियमांचा एक संच, करून त्यात विभागाचे नाव लिहून टाकणे सोपे होते, परंतु नवा विभाग आला की नवा रोल करून मॉडेल पुन्हा प्रकाशित करावे लागले असते. म्हणून रोल मोजकेच ठेवून, पाहणाऱ्याच्या ओळखीवरून ओळी ठरवणारा नियम लिहायचा मार्ग आम्ही निवडला आहे.

नियम दोन ओळींचा असतो आणि तो लिहायला फारसा वेळ लागत नाही. माझी खरी काळजी त्या नियमाच्या हातात जी ओळख येते तिच्याबद्दल आहे. तिन्ही वाटांवर मी तीन प्रश्न लावून धरणार आहे : ही ओळख कोणी सांगितली, ती कोणी पडताळली, आणि वाटेत ती कोणाला बदलता येते का. या नोंदी त्याच प्रश्नांच्या आहेत.

५ जून २०२४

कर्मचाऱ्यांच्या वाटेपासून सुरुवात केली. डॅक्समध्ये, म्हणजे पॉवर बीआयच्या सूत्रभाषेत, पाहणाऱ्याची ओळख देणारी दोन फलने (फंक्शन) सर्वांच्या परिचयाची आहेत, यूजरनेम आणि यूजरप्रिन्सिपलनेम. डेस्कटॉपवर, म्हणजे अहवाल जिथे बनतो त्या संगणकावरील प्रोग्राममध्ये, यूजरनेम हे डोमेन आणि त्यापुढे तिरप्या रेघेनंतर खात्याचे नाव असे उत्तर देते, तर अहवाल सेवेवर, म्हणजे पॉवर बीआयच्या ऑनलाइन जागी, प्रकाशित केल्यावर दोन्ही फलने यूपीएन, म्हणजे ईमेलसारखे दिसणारे नाव, देतात. डेस्कटॉपवर यूजरनेम वापरून लिहिलेला नियम तिथे चालतो आणि सेवेवर गेल्यावर कोणालाच काही दाखवत नाही, तो याच फरकामुळे. आम्ही सर्वत्र यूजरप्रिन्सिपलनेम वापरण्याचे ठरवले.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा मी एक चाचणी पान तयार केले. त्यावर फक्त एक कार्ड आहे आणि त्यात मॉडेलला दिसणारी ओळख अक्षरशः छापली जाते. हे पान सहा सहकाऱ्यांना उघडायला सांगितले आणि आलेली नावे मनुष्यबळ विभागाच्या यादीतील ईमेलशी ताडून पाहिली. दोघांची नावे जुळली नाहीत. एका सहकारी बाईंनी आडनाव बदलल्यावर त्यांचा ईमेल नवा झाला होता, पण यूपीएन जुनाच राहिला होता. दुसऱ्या सहकाऱ्यांना ईमेलची दोन टोपणनावे होती आणि यादीत त्यांतले एक होते. म्हणजे ईमेल आणि यूपीएन बहुतेकांचे सारखे असतात म्हणून ते एकच मानण्याची सवय आमच्या सर्वांच्या डोक्यात होती, आणि ती चूक होती.

६ जून २०२४

यूपीएन बदलू शकतो, म्हणून तो कायमची किल्ली होऊ शकत नाही. डिरेक्टरीत प्रत्येक खात्याला जो ऑब्जेक्ट आयडी असतो तो नाव बदलले तरी बदलत नाही. डॅक्समध्ये तो देणारे यूजरऑब्जेक्टआयडी हे फलनही आहे, आणि नियम थेट त्यावरच लिहावा असे मला आधी वाटले. परंतु ग्राहकांच्या वाटेवर डिरेक्टरीतील खातेच नसते, तिथे ओळख आमचा सर्व्हर मजकुराच्या स्वरूपात पाठवणार आहे, आणि दोन वाटांसाठी दोन वेगळ्या स्वरूपांची ओळख हाताळली की कोणाला कोणता विभाग दिसावा हे नोंदवणारे परवानगीचे तक्ते वाचणाऱ्या माणसाचा गोंधळ होतो.

म्हणून मधला मार्ग काढला. परवानगी तक्त्यात कायमची किल्ली ऑब्जेक्ट आयडी राहील, आणि यूपीएनचा स्तंभ रोज रात्री डिरेक्टरीतून त्या किल्लीवरून नव्याने भरला जाईल. हाताने यूपीएन टंकण्याची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. नाव बदलल्याच्या दिवशी त्या व्यक्तीला दुसऱ्या सकाळपर्यंत अहवाल रिकामा दिसेल, हे आम्ही मान्य केले आहे. रिकामा दिसणे चालेल, पण जुने नाव नंतर दुसऱ्या कोणाला दिले गेले आणि त्या नावामागे जुन्या परवानग्या तशाच राहिल्या, तर ते चालणार नाही.

७ जून २०२४

परवानगी तक्त्याची रचना ठरली. एका ओळीत एक व्यक्ती आणि एक विभाग. ज्यांच्याकडे चार विभाग आहेत त्यांच्या चार ओळी.

नियम कुठे लिहायचा यावर बराच वेळ चर्चा झाली. परवानगी तक्ता विभागांच्या तक्त्याला जोडलेला असला, तरी फिल्टर एकाकडून अनेकांकडे वाहतो, आणि या नात्यात परवानगी तक्ता 'अनेक' बाजूला आहे. त्यामुळे त्यावर लावलेला फिल्टर आपोआप विभागांपर्यंत चढत नाही. नात्याच्या खिडकीत सुरक्षा फिल्टर दोन्ही दिशांनी लागू करण्याची खूण केली तर तो चढतो. ती खूण करणे एका क्लिकचे काम आहे, पण नियम आणि त्याचा परिणाम अशा दोन वेगळ्या ठिकाणी विभागले जातात, आणि सहा महिन्यांनी मॉडेल उघडणाऱ्याने ती खूण सहज काढून टाकली तर काय घडले हे त्याला कळणारही नाही. म्हणून मी नियम थेट विभागांच्या तक्त्यावर लिहिला : परवानगी तक्त्यातील ज्या ओळींत यूपीएन पाहणाऱ्याच्या ओळखीइतका आहे, त्या ओळींतील विभाग-क्रमांकांमध्ये हा विभाग-क्रमांक असला पाहिजे. लुकअपव्हॅल्यू वापरून हाच नियम लहान होतो, पण एका व्यक्तीला एकाहून अधिक विभाग मिळाले की ते फलन वेगवेगळी मूल्ये सापडल्याची चूक दाखवते, त्यामुळे ते बाजूला ठेवले.

परवानगी तक्ता स्वतः मात्र उघडा राहत होता. अहवालात तो लपवलेला होता, पण लपवणे म्हणजे सुरक्षा नव्हे; मॉडेलवर बिल्ड परवानगी, म्हणजे त्यावर स्वतःचे अहवाल बांधण्याची मुभा, असलेला कोणीही एक्सेलमधून जोडून कोणाकडे कोणते विभाग आहेत हे सगळे वाचू शकला असता. त्याच रोलमध्ये परवानगी तक्त्यावर 'फॉल्स' हा नियम लावला. त्यामुळे तक्त्याची एकही ओळ कोणाला दिसत नाही, आणि विभागांवरचा नियम मात्र त्याच तक्त्यात बघून आपले काम करतो.

११ जून २०२४

वरिष्ठांना आपल्या हाताखालच्या सर्वांची विक्री दिसली पाहिजे, या मागणीसाठी पाथ आणि पाथकंटेन्स ही फलने वापरली. पाथ प्रत्येक व्यक्तीपासून वरपर्यंतची साखळी एका मजकुरात लिहून ठेवते, आणि पाहणाऱ्याचा क्रमांक त्या साखळीत आहे का हे पाथकंटेन्स सांगते. पहिल्याच रिफ्रेशला, म्हणजे मॉडेलमधील डेटा नव्याने भरताना, काम अडले, कारण नोकरी सोडून गेलेल्या एका व्यवस्थापकांची ओळ मनुष्यबळ विभागाच्या यादीतून काढली गेली होती आणि त्यांच्या हाताखालच्या लोकांच्या ओळींत वरिष्ठ म्हणून त्यांचाच क्रमांक होता. वरिष्ठाचा क्रमांक मूळ स्तंभात नसला तर पाथ चूक दाखवते.

ओळ काढण्याऐवजी 'निष्क्रिय' अशी खूण करायची, हा तात्पुरता उपाय झाला. पण याच्या मुळाशी विचार केल्यावर असे दिसले की आम्ही साखळी माणसांची बांधत होतो आणि ती पदांची असायला हवी होती. पद रिकामे असले तरी साखळीत राहते, त्याच्या वरच्या पदावरील व्यक्तीला खालचे सगळे दिसत राहते, आणि नवी व्यक्ती आली की फक्त पद आणि व्यक्ती यांचे एक नाते बदलावे लागते. साखळी पद-क्रमांकांवर पुन्हा बांधली.

१३ जून २०२४

आज दुपारी चाचणीतल्या दोन सहकाऱ्यांनी आपल्याला सगळेच विभाग दिसत असल्याचे कळवले. नियम फसला असे वाटून मी जवळजवळ दोन तास डॅक्स तपासत बसलो. नियम बरोबर होता. त्यातले एक सहकारी वर्कस्पेसमध्ये, म्हणजे अहवाल बनवण्याच्या सामायिक जागेत, कॉन्ट्रिब्यूटर होते, आणि सेवेवर ओळ-स्तरीय सुरक्षा केवळ पाहण्याचीच परवानगी असलेल्यांना लागू होते. ॲडमिन, मेंबर आणि कॉन्ट्रिब्यूटर यांना ती लागू होत नाही, कारण त्यांना मॉडेलच बदलण्याचा अधिकार असतो. दुसरे सहकारी दोन रोलमध्ये होते, एक विभागांचा आणि एक सर्व पाहू शकणाऱ्यांचा. एकाच व्यक्तीला दोन रोल मिळाले की दोघांच्या परवानग्यांची बेरीज होते. अरुंद रोल रुंद रोलला आवर घालत नाही.

अहवाल बनवणाऱ्यांचे वर्कस्पेस आणि वाचकांना ॲपमधून दिलेले अहवाल आता वेगळे केले. रोलमध्ये व्यक्तींची नावे न टाकता सुरक्षा गट टाकले. मायक्रोसॉफ्ट ३६५ गट रोलमध्ये घालता येत नाहीत, त्यामुळे विभागांचे जे गट आधीपासून होते ते वापरता आले नाहीत आणि नवे सुरक्षा गट करावे लागले.

१८ जून २०२४

ग्राहकांच्या वाटेला आज हात घातला, आणि या प्रकल्पातली सर्वांत गंभीर गोष्ट आजच सापडली, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

पोर्टलवर ग्राहक आमच्या लॉगिनने येतो. पॉवर बीआयला तो माहीत नसतो. आमचा सर्व्हर सर्व्हिस प्रिन्सिपलच्या, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामसाठी असलेल्या, खात्याने पॉवर बीआयकडे एम्बेड टोकन, म्हणजे पोर्टलमध्ये अहवाल दाखवण्याची तात्पुरती किल्ली, मागतो, आणि ते मागताना 'परिणामी ओळख' सोबत पाठवतो : एक वापरकर्तानाव, लागू करायचे रोल आणि मॉडेलचा क्रमांक. यातले वापरकर्तानाव डिरेक्टरीतले असावे लागत नाही. ते केवळ अक्षरांची माळ असते, आणि आमचा सर्व्हर जे पाठवेल तेच मॉडेलमध्ये यूजरप्रिन्सिपलनेमचे उत्तर म्हणून येते. म्हणजे कर्मचाऱ्यांच्या वाटेवर ओळख पडताळण्याचे जे काम डिरेक्टरी करते, ते या वाटेवर संपूर्णपणे आमच्या सर्व्हरवर येऊन पडते. पॉवर बीआय आमचा शब्द प्रमाण मानतो.

पोर्टलच्या जुन्या मसुद्यात ग्राहक-क्रमांक ब्राउझरकडून येत होता. पान उघडताना पत्त्याच्या ओळीतील क्रमांक जावास्क्रिप्ट उचलत असे, सर्व्हरकडे पाठवत असे, आणि सर्व्हर तोच क्रमांक परिणामी ओळख म्हणून पुढे देत असे. लॉगिन झालेले आहे याची तपासणी सर्व्हर करत होता, पण लॉगिन झालेला ग्राहक आणि मागितलेला क्रमांक हे एकाचेच आहेत का, हे कोणीच विचारत नव्हते. मी चाचणी खात्याने लॉगिन केले, पत्त्यातील क्रमांक बदलला, आणि दुसऱ्या चाचणी ग्राहकाची येणी माझ्यासमोर उघडली. मॉडेलमधला नियम निर्दोष होता. त्याला जी ओळख सांगितली गेली तिच्याप्रमाणे त्याने अचूक ओळी दाखवल्या.

हा मसुदा ग्राहकांपर्यंत पोहोचलेला नव्हता, याबद्दल मनापासून हायसे वाटले. दुरुस्ती आजच केली. ब्राउझरकडून आता केवळ कोणता अहवाल हवा एवढेच येते. ग्राहक कोण हे सर्व्हर स्वतःच्या सेशनमधून, म्हणजे त्या लॉगिनच्या नोंदीतून, काढतो, त्या ग्राहकाला तो अहवाल पाहण्याचा हक्क आहे का हे आमच्या नोंदींत तपासतो, आणि मगच टोकन मागतो. रोलचे नावही सर्व्हरच्या कोडमध्ये पक्के आहे. बाहेरून आलेल्या कोणत्याही मजकुरातून ते घेतले जात नाही, कारण रोल बदलणे हे ओळख बदलण्याइतकेच घातक आहे.

आणखी दोन निर्णय घेतले. पहिला, ग्राहकांच्या ओळखीपुढे एक ठरावीक उपसर्ग लावायचा आणि त्यांच्यासाठी पूर्ण वेगळा रोल ठेवायचा. पोर्टलवर नाव नोंदवताना एखाद्याने वापरकर्तानाव म्हणून आमच्याच कर्मचाऱ्याचा यूपीएन टंकला, आणि दोन्ही वाटा एकाच परवानगी तक्त्यात बघत असल्या, तर त्याला त्या कर्मचाऱ्याच्या ओळी मिळाल्या असत्या. दुसरा, टोकनचे आयुष्य कमी ठेवायचे. एम्बेड टोकन जास्तीत जास्त एक तास चालते, आणि ग्राहकाने पोर्टलमधून लॉगआउट केले किंवा आम्ही त्याचा करार संपवला तरी ब्राउझरमध्ये असलेले टोकन तोपर्यंत जिवंत राहते. आम्ही दहा मिनिटांचे टोकन देऊन ते नव्याने मागण्याची व्यवस्था केली, म्हणजे प्रत्येक दहा मिनिटांनी ओळखीची पडताळणी पुन्हा होते.

एक गोष्ट आश्वासक वाटली. मॉडेलवर रोल असताना परिणामी ओळख न पाठवता टोकन मागितले तर पॉवर बीआय ते नाकारतो. विसरल्यामुळे सगळे उघडे पडण्याचा धोका तिथे नाही. चुकीची ओळख पाठवल्यावर मात्र त्याला काही कळण्याचा मार्गच नाही.

२० जून २०२४

पोर्टलवर ग्राहकाला आपल्या बिलांची तपशीलवार यादी उतरवून घेता येते. ही यादी मॉडेलमधून न येता थेट पोस्टग्रेस डेटाबेसमधून येते, म्हणून तोच नियम तिथेही हवा. ओळ-स्तरीय सुरक्षा पोस्टग्रेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून आहे. तक्त्यावर पॉलिसी, म्हणजे कोणत्या ओळी दिसाव्यात याचा नियम, लिहायची आणि तिच्यात डेटाबेसच्या जोडणीच्या सेशनमधील एका सेटिंगमधून ग्राहक-क्रमांक वाचायचा, अशी रचना केली.

पोर्टलचा डेटाबेसशी संबंध कनेक्शन पूलमधून येतो. एक विनंती संपली की तेच कनेक्शन दुसऱ्या ग्राहकाच्या विनंतीला दिले जाते. आमच्या पहिल्या कोडमध्ये क्रमांक साध्या सेट आज्ञेने ठेवला होता, आणि तो त्या सेशनमध्ये टिकून राहिला. चाचणीत मुद्दाम ओळख न लावता दुसरी विनंती पाठवली, तेव्हा तिला आधीच्या ग्राहकाची बिले मिळाली. सेट लोकल वापरले की मूल्य त्या व्यवहारापुरतेच, म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या आज्ञांच्या गटापुरतेच, राहते आणि व्यवहार संपताच जाते, म्हणून आता प्रत्येक विनंती एका व्यवहारात गुंडाळलेली आहे आणि तिची पहिली आज्ञा ओळख लावण्याची आहे.

इथे एक बारकावा आहे, तो पुढच्या माणसासाठी लिहून ठेवतो. सेटिंग कधीच लावलेले नसले तर, चूक न दाखवण्याचा पर्याय देऊन वाचल्यास, करंटसेटिंग हे सेटिंग वाचणारे फलन नल, म्हणजे 'मूल्यच नाही', असे उत्तर देते. परंतु त्याच कनेक्शनवर एकदा सेट लोकल होऊन गेले असेल तर नंतर नलऐवजी रिकामी माळ मिळते. रिकाम्या माळेचे अंकात रूपांतर करताना क्वेरी चूक देऊन थांबते. ओळी उघड्या पडत नाहीत हे खरे, पण पोर्टलवर कधी चूक आणि कधी रिकामी यादी असा न उलगडणारा प्रकार दिसत राहतो. पॉलिसीमध्ये रिकाम्या माळेचे नल करणारे नलइफ घालून दोन्ही परिस्थिती एकसारख्या केल्या.

डेटाबेस सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांनी आणखी दोन त्रुटी दाखवल्या आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तक्त्याच्या मालकाला पॉलिसी लागू होत नाही, आणि आमचे पोर्टल मालकाच्याच खात्याने जोडले जात होते. म्हणून पोर्टलसाठी वेगळे, मालकी नसलेले खाते केले आणि तक्त्यावर सुरक्षा मालकालाही सक्तीची केली. सुपरयूजर आणि सुरक्षा ओलांडण्याचा विशेष अधिकार असलेली खाती या सक्तीतूनही सुटतात, त्यामुळे असा अधिकार कोणाकोणाकडे आहे याची यादी काढली. दुसरे असे की व्ह्यूमधून, म्हणजे साठवून ठेवलेल्या क्वेरीतून, वाचताना मूळ तक्त्यांवर व्ह्यूच्या मालकाचे अधिकार चालतात. आवृत्ती १५ पासून व्ह्यू वाचणाऱ्याच्या अधिकाराने चालवण्याचा पर्याय आला आहे, तो आमच्या तिन्ही व्ह्यूंवर लावला.

२१ जून २०२४

येणे रकमांचा एक तक्ता मॉडेलमध्ये डायरेक्टक्वेरीने जोडलेला आहे, म्हणजे त्याचा डेटा मॉडेलमध्ये न साठवता दर वेळी डेटाबेसकडून मागवला जातो. पॉवर बीआय आणि डेटाबेस यांना जोडणाऱ्या गेटवेमध्ये एकच साठवलेले खाते असल्यामुळे डेटाबेसला प्रत्येक वेळी तेच खाते दिसते, अहवाल कोण पाहत आहे हे दिसत नाही. तेव्हा या तक्त्यापुरती सुरक्षा मॉडेलमधील नियमावरच आहे, डेटाबेसमधील पॉलिसीचा इथे आधार नाही, हे रचनेच्या दस्तऐवजात ठळकपणे लिहिले.

२५ जून २०२४

वितरकांची पाहुणे खाती. पाहुण्याचा डिरेक्टरीतील यूपीएन त्याच्या ईमेलपासून तयार होतो, पण त्यात ॲटच्या चिन्हाऐवजी अधोरेषा येते, पुढे पाहुणेपणाची खूण येते आणि शेवटी आमच्या डिरेक्टरीचे डोमेन असते. वितरकाला स्वतःला मात्र आपला साधा ईमेलच ठाऊक असतो, आणि परवानगी मागताना तो तोच कळवतो. परवानगी तक्त्यात कोणते रूप लिहायचे यावर वाद घालण्यापेक्षा ५ तारखेचे चाचणी पान एका पाहुणे खात्याने उघडून घेतले आणि कार्डवर जे रूप आले तेच रात्रीच्या कामात वापरायचे ठरवले. ते पान आता कायमचे ठेवत आहोत. एखाद्याला अहवाल रिकामा दिसला तर पहिला प्रश्न हाच विचारला जाईल, की त्या पानावर तुमचे नाव काय दिसते.

२७ जून २०२४

परवानगी तक्त्यात ज्याचे नावच नाही, त्याला काय दिसावे? आमच्या नियमात त्याला काहीच दिसत नाही, आणि तेच योग्य आहे. पण एका नव्या सहकाऱ्यांनी तो रिकामा अहवाल पाहून या महिन्यात विक्रीच झाली नाही असा समज करून घेतला आणि तसे वरिष्ठांना कळवलेसुद्धा. शून्य विक्री आणि परवानगी नसणे या दोन गोष्टी पडद्यावर सारख्या दिसता कामा नयेत. दिसणाऱ्या विभागांची संख्या मोजणारे एक मेझर, म्हणजे मॉडेलमधले सूत्र, लिहिले. ती संख्या रिकामी असली की पानाच्या वरच्या भागात 'आपल्या नावावर एकही विभाग नोंदलेला नाही' असा मजकूर आणि परवानगी मागण्याची पद्धत दिसते.

याच कामात परवानगी तक्त्याची जुनी प्रथा नजरेस आली. सर्व विभाग पाहू शकणाऱ्यांसाठी विभागाचा रकाना रिकामा सोडण्याचा प्रघात होता, आणि रिकाम्याचा अर्थ 'सर्व' असा घेतला जात होता. रात्रीच्या कामात विभागाचा क्रमांक जुळला नाही तरीही रकाना रिकामाच राहतो. म्हणजे विभागाच्या नावातील टंकलेखनाच्या एका चुकीमुळे कोणालाही सर्व विभाग मिळू शकले असते. आता 'सर्व' हा शब्द स्पष्ट लिहावा लागतो, आणि रिकामा रकाना असलेली ओळ तक्त्यात शिरतच नाही.

२ जुलै २०२४

विभागप्रमुखांना एकूण विक्रीत आपला वाटा किती हे हवे आहे. ऑल हे फलन अहवालातले फिल्टर काढते, सुरक्षेचा फिल्टर काढत नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपला वाटा शंभर टक्के दिसत होता. एकूण आकडा आधीच काढून, सुरक्षित तक्त्यांशी न जोडलेल्या वेगळ्या तक्त्यात ठेवला. मात्र ज्या उत्पादन-गटात दोनच विभाग विकतात, तिथे एकूणातून स्वतःचा आकडा वजा केला की दुसऱ्याचा आकडा मिळतो. अशा गटांचा एकूण आकडा त्या तक्त्यात ठेवलेला नाही. विभागप्रमुखांना हे पटवायला वेळ लागला, पण त्यांनी ते मान्य केले.

४ जुलै २०२४

चाचणी. डेस्कटॉपवर 'व्ह्यू ॲज' निवडून दुसऱ्या व्यक्तीचे नाव टंकता येते आणि तिला काय दिसेल ते पाहता येते. ही सोय फार उपयोगी आहे, पण तिथे ओळख आपणच टंकतो. म्हणजे ती नियमाची चाचणी आहे, ओळखीची नाही. ज्या वाटेने ओळख खरोखर येते तिची चाचणी करायला खरी खातीच लागतात. तिन्ही वाटांवर प्रत्येकी दोन चाचणी खाती घेतली, प्रत्येकाला दिसायला हवी ती बेरीज मूळ डेटाबेसमधून स्वतंत्रपणे काढली, आणि अहवालातील बेरजेशी ताडून पाहिली. जे दिसायला हवे ते दिसते याबरोबरच जे दिसू नये ते दिसत नाही याचीही वेगळी यादी केली, कारण गळती झाली तर कोणीही तक्रार करत नाही.

ईमेल सदस्यतेच्या, म्हणजे अहवाल आपोआप ईमेलने मिळण्याच्या, बाबतीत एक निर्णय घ्यावा लागला. एखाद्याने अहवालाची सदस्यता घेऊन तिच्यात इतरांना जोडले, तर सर्वांना जाणारे चित्र सदस्यता तयार करणाऱ्याच्या परवानगीने बनते. विभागप्रमुखांनी आपल्या सदस्यतेत दुसऱ्या विभागातील सहकाऱ्यांना जोडले की त्या सहकाऱ्यांपर्यंत प्रमुखांचेच आकडे पोहोचतात. पाहणारी व्यक्ती समोर नसताना अहवाल कोणाच्या ओळखीने चालतो, हा प्रश्न आमच्या पहिल्या यादीत नव्हता. तो आता जोडला. सध्या प्रत्येकाने स्वतःपुरतीच सदस्यता घ्यावी असा नियम केला आहे.

९ जुलै २०२४

कर्मचाऱ्यांसाठी नवे अहवाल आज सुरू झाले आणि विभागांच्या जुन्या प्रती बंद केल्या. ग्राहकांची वाट अजून दोन आठवडे चाचणीत राहील. टोकन देताना सर्व्हर कोणत्या सेशनला कोणती परिणामी ओळख दिली याची नोंद लिहितो, आणि त्या नोंदीतील ग्राहक व सेशनचा ग्राहक जुळतो का हे तपासणारी क्वेरी रोज सकाळी चालते. वितरकांपैकी तिघांची पाहुणे खाती अजून स्वीकारली गेलेली नाहीत, त्यांना आज पुन्हा निमंत्रण पाठवले. परवानगी तक्त्यात बदल कोणी आणि कधी केला याचा इतिहास ठेवण्याचे काम उरले आहे, ते गुरुवारी हाती घेणार आहे.